शंभरातले सहा रुपये : रोजगार हमीचा कारभार-खर्च समजून घेऊ या



या पानावर आम्ही लागण, खोडवा, बेणे, खते, पाणी यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे, पण तो आपल्या बांधापासून लांबचा नाही. गटसभांना गेलो की दोन तक्रारी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, "रोजगार हमीमुळे शेताला मजूर मिळेनात." दुसरी, "सरकारी योजनेचा निम्मा पैसा साहेबलोकांच्या पगारावरच जातो." दोन्ही तक्रारी आपण पारावर बसून करतो, हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो हिशेब आज मांडून बघू. उसाचा उतारा काढताना जसे वजन आणि टक्केवारी पाहतो, तसेच इथेही पाहायचे.

योजना आली कुठून

रोजगार हमी ही दिल्लीहून आलेली गोष्ट नव्हे, ती महाराष्ट्राच्या मातीतली आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. त्या भागात १९६५ साली या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. कल्पना होती वि. स. पागे यांची. ते पुढे बरीच वर्षे विधान परिषदेचे सभापती होतेच, त्या वेळीही तेच पद त्यांच्याकडे होते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९७२ साली योजना राज्यभर घेतली गेली आणि लागलीच मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणारी, नालाबांध आणि पाझर तलाव घालणारी ती माणसे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आजही आठवत असतील.

पुढे १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम मिळणे हा त्या दिवसापासून कायद्याने हक्क झाला. काम देता आले नाही, तर दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. रक्कम लहान होती, पण काम न देण्याची किंमत सरकारने मोजायची, हे तत्त्व मोठे होते.

तेव्हापासूनचा फायदा फक्त मजुरांनाच झाला असे नाही. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. कोरडवाहू पट्ट्यातली आंबा, डाळिंब, बोर, चिकू, सीताफळाची कितीतरी झाडे त्यातून उभी राहिली. सिंचन विहिरी, शेततळी, पाणंद रस्ते हीसुद्धा याच खात्यातली कामे. ऊसवाहतुकीची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर ज्या पाणंदीतून बाहेर पडतो, ती पाणंद कोणत्या योजनेतून झाली हे आपण कधी विचारतो काय?

पैसा कुणाचा

"सरकारी पैसा" म्हणताना तो कुणाचा हे बघितले पाहिजे. या योजनेसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. आपल्या कारखान्यातल्या कामगाराची पगारपावती काढून बघा. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. राज्यघटनेने या कराला घातलेली वर्षाची मर्यादा पूर्वी २५० रुपये होती, ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. शिवाय बागायती जमिनीवर रोजगार हमीचा उपकर बसवला गेला. म्हणजे यात कामगाराचाही पैसा आहे आणि बागायतदाराचाही. जेवढी रक्कम या करांतून जमा होईल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी मूळ रचना होती.

पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. २००९ साली त्याला महात्मा गांधींचे नाव दिले गेले. कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी केंद्राची, आणि त्यापुढे काम मागितले तर त्याचा भार राज्याचा, अशी महाराष्ट्रातली व्यवस्था राहिली.

शंभर रुपयांची वाटणी

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. एका गावात १० लाख रुपयांचे काम निघाले असे धरू. हा आकडा आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.

१) अकुशल मजुरी किमान ६० टक्के, म्हणजे ६ लाख रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ६ लाखांना ३१२ ने भागले तर सुमारे १,९२३ मनुष्यदिवस होतात. म्हणजेच १९ कुटुंबांना शंभर-शंभर दिवस काम.

२) कुशल कामगार आणि साहित्य कमाल ४० टक्के, म्हणजे ४ लाख रुपये. सिमेंट, खडी, लोखंड, गवंडी, सगळे यातच.

३) कारभार-खर्च. महात्मा गांधी योजनेत यासाठी केंद्र जास्तीत जास्त ६ टक्के देत असे. म्हणजे आपल्या उदाहरणात ६० हजार रुपये.

"निम्मा पैसा पगारावर" ही तक्रार या हिशेबात बसत नाही. मजुरी बुडवली जाते, साहित्याची बिले फुगवली जातात, यंत्राने काम करून हजेरीपटावर नावे लावली जातात, हे प्रकार घडतात, हे आम्ही नाकारत नाही. पण ती चोरी झाली. ती ६० आणि ४० च्या रकान्यांतून होते, ६ च्या रकान्यातून नव्हे. चोरी आणि कारभार-खर्च या दोन गोष्टींची गल्लत आपण करतो आणि मग चोरी पकडणाऱ्याचाच पगार कापायला निघतो.

सहा रुपयांत काय काय बसते

हे ६० हजार कशावर खर्च व्हायचे? ग्रामरोजगार सेवकाचे मानधन, तांत्रिक सहाय्यक, संगणकावर नोंद करणारा, कागद, फलक, प्रवास, प्रशिक्षण. काम मागणीचा अर्ज घेणे, हजेरीपट काढणे, कामावर रोज जाऊन हजेरी भरणे, आठवडा संपला की खोदाईचे मोजमाप घेणे, मोजमाप पुस्तिकेत नोंदवणे, ती नोंद पंचायत समितीत किंवा तहसीलमध्ये नेऊन मजुरीचा आदेश काढणे, एवढी साखळी आहे. १ जानेवारी २०२३ पासून तर बहुतेक सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मोबाईलवर मजुरांचे छायाचित्र काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. डोंगराच्या कुशीत रेंज नसेल तर कुणीतरी फोन हातात धरून टेकडी चढते. तो वेळही कारभार-खर्चच आहे, कुठल्या बिलात दिसो वा न दिसो.

शिवाय एक झाकलेला खर्च असतो. तहसीलदार हा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आणि जिल्हाधिकारी समन्वयक. कृषी, वन, बांधकाम ही खाती आपापले कर्मचारी कामाला लावतात. त्यांचे पगार त्यांच्या खात्यात पडतात, योजनेच्या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे कागदावर योजना स्वस्त दिसते. पण ज्या दिवशी त्याच माणसाला पंचनामे, निवडणूक, पीक पाहणी अशी चार कामे लागतात, त्या दिवशी पहिल्यांदा मागे पडते ते रोजगार हमीचे मोजमाप.

चिटबॉयचे उदाहरण

ही गोष्ट आपल्याला कारखान्याच्या उदाहरणाने लवकर समजेल. शेतकी खात्याचे चिटबॉय उसाची नोंद घेतात, क्षेत्र मोजतात, लागणीची तारीख आणि जात लिहितात, आणि त्यावर तोडणीचा कार्यक्रम बसतो. समजा उद्या संचालक मंडळाने ठरवले की चिटबॉयांवरचा खर्च निम्मा करू, टनामागे चार पैसे वाचतील. काय होईल? एका चिटबॉयकडे दोन गटांचे क्षेत्र येईल. नोंदी उशिरा होतील, काही बांधावर न जाताच होतील. लागणीच्या तारखा मागेपुढे होतील. बारा महिन्यांचा ऊस चौदा-पंधरा महिने उभा राहील, तुरे येतील, वजन घटेल, उतारा पडेल. चार पैसे वाचवायला गेलो आणि एकरी टनावारी घालवली. ताळेबंदात मात्र "शेतकी खाते : खर्चात बचत" असे छापून येईल!

सरकारी खात्याचेही असेच आहे. कल्याणाची योजना आणि ती चालवण्याचा खर्च हे दोन वेगळे पदार्थ नव्हेत. पाणी आणि पाट यांचे जे नाते, तेच इथे आहे. पाटाची देखभाल बंद केली तर धरणात पाणी कितीही असले तरी शेवटच्या शेतकऱ्याला ते मिळत नाही.

उशिराची किंमत कोण भरतो

कारभार-खर्च कमी ठेवला तर तो नाहीसा होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातो. कुणाच्या, ते आकड्याने बघू.

एका बाईने दोन आठवड्यांत १२ दिवस काम केले. ३१२ रुपये दराने तिचे ३,७४४ रुपये झाले. महात्मा गांधी कायद्यानुसार हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी खात्यात पडायला हवी. न पडल्यास सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. आता मोजमाप घ्यायला तांत्रिक सहाय्यक नाही, म्हणून मजुरी आणखी ३० दिवस लांबली. भरपाई किती झाली? दीड टक्का, म्हणजे ५६ रुपये. तीही मंजूर झाली तर.

या ३० दिवसांत घर चालवायला तिने तेवढीच रक्कम उसनी घेतली आणि महिन्याला शेकडा तीन रुपये व्याज धरले, तरी ११२ रुपये होतात. भरपाई वजा जाता ५६ रुपये तिच्या पदरचे गेले. एका माणसाच्या मानधनात सरकारने जी बचत केली, तिचा भार असा मजुरावर पडला. आणि पुढच्या वेळी ती बाई कामच मागत नाही. कागदावर लिहिले जाते, "मागणी नाही." मागणी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून खर्च नाही, खर्च नाही म्हणून त्यावरच्या सहा टक्क्यांची रक्कमही कमी, आणि रक्कम कमी म्हणून माणूस नाही. हे चक्र ध्यानात घ्या. कारभाराचा पैसा कामाच्या टक्केवारीवर बांधलेला असल्यामुळे, जिथे काम आधीच कमी निघते तिथे काम काढणारा माणूसही ठेवता येत नाही.

मजूर मिळत नाहीत, ते खरेच यामुळे?

दुसऱ्या तक्रारीकडे वळू. आपला गळीत हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडणीच्या टोळ्या मुख्यतः बीड, जालना, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून येतात. त्यांच्या गावी रोजगार हमीची खरी गरज पडते ती टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात. म्हणजे दोन्ही कामांचे महिने फारसे एकमेकांवर येत नाहीत. बागायती गावात शेतमजुरी ३१२ च्या वर असेल, तर बापयमाणूस पाटीखोऱ्याच्या कामावर कशाला जाईल? जाईल ती म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, ज्यांना गावातच काम हवे आहे ती. आणि एक गोष्ट आपण सभासदांनी उघडपणे मान्य करायला हवी, की रोजगार हमीने मजुरीला खालून टेकू दिला. तो टेकू आपल्याला टोचतो, कारण आपण मजुरी देणारे आहोत. पण आपल्याच सभासदांत एक-दीड एकराचे कितीतरी आहेत, जे कधी मजूर लावतात आणि कधी स्वतः मजुरीला जातात. त्यांच्या बाजूने बघितले की हिशेब बदलतो.

नवा कायदा, नवी वाटणी

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने महात्मा गांधी योजनेच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याचे नाव "विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)". त्यातली कलमे सभासदांनी समजून घ्यावीत.

१) हमीचे दिवस १०० ऐवजी १२५.

२) पेरणी आणि काढणीच्या ऐन दिवसांत, वर्षात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद. ते दिवस राज्याने आधी जाहीर करायचे.

३) कारभार-खर्चाची मर्यादा ६ वरून ९ टक्के.

४) महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाची वाटणी केंद्र ६० आणि राज्य ४०. केंद्र प्रत्येक राज्यासाठी वर्षाची रक्कम ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याचा.

आपलेच १० लाखांचे उदाहरण घेऊ. जुन्या रीतीत मजुरीचे ६ लाख पूर्ण केंद्राचे, साहित्याच्या ४ लाखांपैकी ३ केंद्राचे आणि १ राज्याचा, कारभाराचे ६० हजार केंद्राचे. राज्याच्या वाट्याला आले १ लाख. नव्या रीतीत काम १० लाख आणि कारभार ९० हजार मिळून १० लाख ९० हजार. त्याचे ४० टक्के म्हणजे राज्याचे ४ लाख ३६ हजार.

यातली एक बाजू चांगली आहे. ९ टक्के म्हणजे मोजमापाला माणूस ठेवता येईल, त्याचे मानधन वेळेवर देता येईल, सामाजिक अंकेक्षण नीट होईल. दुसरी बाजू काळजीची आहे. राज्याचा वाटा चौपटीहून वाढतो तेव्हा तिजोरीवर ताण येतो, आणि ताण आला की खाते पहिली कात्री कुठे लावते? कारभार-खर्चाला. कारण मजुरी कापली तर मोर्चा येतो, साहित्य कापले तर ठेकेदार येतो. मोजमापाला माणूस नेमला नाही, तर कुणीच येत नाही. म्हणून ९ टक्के ही वरची मर्यादा आहे, ती पूर्ण खर्च होईलच असे नाही, हे लक्षात ठेवावे.

सभासदांनी काय करावे

आमची विनंती एवढीच आहे, की ग्रामसभेत "किती निधी आला" एवढेच विचारून खाली बसू नका. पुढचे प्रश्न विचारा :

१) काम मागणीच्या अर्जाची तारखेसह पोच मिळते काय? पोच नसेल तर मागणीच नव्हती असे म्हणायला कार्यालय मोकळे.

२) हजेरीपट कोणत्या तारखेला बंद झाला आणि मोजमाप कोणत्या तारखेला झाले? या दोन तारखांमधले अंतर म्हणजे तुमच्या गावच्या कारभाराचा उतारा.

३) आपल्या गावासाठी तांत्रिक सहाय्यक कोण, आणि त्याच्याकडे एकूण किती गावे आहेत? पंचवीस-तीस गावे असतील तर त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, दुसरा माणूस मागा.

४) ग्रामरोजगार सेवकाचे मानधन किती महिने थकले आहे? ज्याला स्वतःला मानधन नाही, त्याच्याकडून चोख हजेरीची अपेक्षा कशी धरणार?

५) कामाच्या जागी फलक आहे काय, आणि त्यावर मजुरी व साहित्याचा खर्च वेगवेगळा लिहिला आहे काय?

आणि एक पथ्य आपणही पाळावे. शेततळे किंवा विहीर यंत्राने खोदून घ्यायची आणि हजेरीपटावर भावकीतली नावे लावायची, हा मोह टाळावा. त्यात थोडे दिवस सोय वाटते. पण अशा खोट्या हजेरीमुळेच वरून नवनवे तपासणीचे नियम येतात, मोबाईल येतात, छायाचित्रे येतात, आणि कारभार-खर्च वाढत जातो. जी चोरी आपण करतो, तिच्या पहाऱ्याचा पगारही शेवटी आपल्याच करातून जातो.

सहकारात आपण एक गोष्ट शिकलो आहोत. संस्था भांडवलावर उभी राहते, पण चालते ती रोजच्या नोंदीवर. काटा चोख, चिट चोख, बिल वेळेवर, तर सभासदाचा विश्वास राहतो. सरकारी खात्यालाही हाच नियम लावावा. खर्च किती कमी, एवढेच विचारू नये. त्या खर्चातून मजुराच्या हातात दाम किती दिवसांत पडले आणि गावात टिकाऊ काम किती झाले, हे विचारावे. ज्या गावात मजुरी पंधरवड्याच्या आत पडते, तिथे ते सहा किंवा नऊ रुपये सत्कारणी लागले असे समजावे. जिथे ती तीन-तीन महिने पडत नाही, तिथे शून्य खर्च दाखवला तरी तो महागच म्हणायचा.

पुढील अंकात सुरू उसाची बाळबांधणी आणि पाणी व्यवस्थापन यांविषयी माहिती देऊ. गटसभेला येताना वर दिलेल्या पाच प्रश्नांपैकी निदान दुसऱ्या प्रश्नाचे आपल्या गावचे उत्तर घेऊन यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग